वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या: घरी करायच्या कशा आणि त्यातलं प्रोटीन-मीठ मोजायचं कसं

कोल्हापुरात 'सुकं' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ताटातलं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशेजारचं सुकं मटण. इथं विषय त्याचा नाही. इथं बोलायचंय ते पाणी काढून वाळवलेल्या, खिशात टाकून नेता येणाऱ्या मटणाच्या पट्ट्यांबद्दल. परदेशी पाकिटांवर याला 'जर्की' लिहिलेलं असतं. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'चार्की'वरून आला. आपल्याकडे मराठवाड्यात मांसाच्या वाळवलेल्या तुकड्यांना चान्या म्हणतात आणि तिथल्या दलित समाजात ही रीत जुनी आहे. मात्र दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. चान्या खाण्याआधी तळतात, भाजतात किंवा कालवणात शिजवतात. जर्की पाकिटातून काढून तशीच खातात. त्यामुळे जी उष्णता चान्यांना शेवटी मिळते, ती या पट्ट्यांना वाळवण्याआधी द्यावी लागते. ही पायरी गाळली तर बाकी सगळं नीट करूनही उपयोग नाही.

आधी हिशेब, मग मसाला

वाळवल्यानं मटणातलं प्रोटीन वाढत नाही. पाणी जातं, म्हणून शंभर ग्रॅममागचा आकडा फुगतो, एवढंच. बिनहाडाच्या, चरबी काढलेल्या बोकडाच्या एक किलो कच्च्या मटणात साधारण ७५० ग्रॅम पाणी, २०० ते २०५ ग्रॅम प्रोटीन आणि २५ ग्रॅमच्या आसपास चरबी असते. उरलेले दहाएक ग्रॅम क्षार. त्यात १५ ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम कोरडा मसाला गेला की पाणी सोडून उरणारा ऐवज होतो २८५ ग्रॅम. वाळवून सगळ्याचं वजन ३७० ग्रॅमवर आलं, तर आत पाणी राहिलं ८५ ग्रॅम, म्हणजे २३ टक्के. घरच्या पट्टीसाठी हे बरोबर आहे.

आता २०० ग्रॅम प्रोटीन ३७० ग्रॅममध्ये बसलंय, म्हणजे शंभर ग्रॅमला ५४. वाफवताना थोडं प्रोटीन पाण्यात उतरतं, त्यामुळे २५ ग्रॅमच्या मुठीला साडेतेराऐवजी १३ ग्रॅम धरा. ऊर्जा साधारण ७५ किलोकॅलरी, लोह २ मिलिग्रॅमच्या आसपास, जस्त अडीच. बी-१२ पाऊण मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर. प्रौढ माणसाची त्याची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असते, म्हणजे एवढ्याशा मुठीत चौथा हिस्सा तरी मिळतो. आणि मीठ? जवळजवळ एक ग्रॅम.

ही २५ ग्रॅमची मूठ म्हणजे मूळचं ६८ ग्रॅम कच्चं मटण. ६८ ग्रॅम मटण खाऊन कुणी 'आज भरपूर मटण खाल्लं' म्हणणार नाही. पट्ट्यांकडे त्याच नजरेनं बघा.

तुमच्या घाण्याचा आकडा काढायला फक्त स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. साफ केलेल्या कच्च्या मटणाचे जितके किलो, त्याला २०० नं गुणा. ते झालं एकूण प्रोटीन. त्याला वाळलेल्या पट्ट्यांच्या वजनानं भागा आणि १०० नं गुणा. समजा १.२ किलो मटणाच्या ४५० ग्रॅम पट्ट्या झाल्या: २४० भागिले ४५०, म्हणजे ५३ टक्के. मिठाचंही असंच. १८ ग्रॅम टाकलं असेल तर शंभर ग्रॅमला ४ ग्रॅम. वाफेत थोडं उतरतं, पण मोजताना सगळं आतच राहिलं असं समजा. मिठाच्या बाबतीत आकडा वरचा धरलेला बरा.

याच हिशेबाचा दुसरा उपयोग फारसं कुणी करत नाही. एक किलोच्या पट्ट्या ५०० ग्रॅम भरल्या तर प्रोटीन येतं ४० टक्के. आकडा कमी आला म्हणजे मटण वाईट होतं असं नाही, पट्टी ओली आहे. ५०० मधून २८५ वजा केले तर २१५ ग्रॅम पाणी अजून आत आहे, चाळीस टक्क्यांच्या वर. अशा पट्टीला कोल्हापूरच्या पावसाळ्यात आठवडाभरात बुरशी आली तर नवल नाही. पोषणाचा आणि टिकण्याचा हिशेब एकाच काट्यावर होतो, म्हणून काटा नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका.

मटण कुठलं घ्यायचं

मागच्या मांडीचं. तिथं मांस सलग मिळतं, रेषा लांब असतात आणि चरबी वरच्या वर असते, काढून टाकता येते. चाप, छाती, गर्दन वाळवायला घेऊ नका, त्यांच्या थरांत चरबी शिरलेली असते. हाडासकट दीड किलो मांडी घेतली तर हाड, चरबी आणि पांढरा पडदा काढून साधारण किलोभर हाती लागतं. खाटकाला 'रश्श्याचं नको, सलग तुकडा द्या' असं आधीच सांगा. सवयीनं त्याचा सत्तूर चालला की मग पट्ट्या निघत नाहीत. हाडं घरी न्या, पांढऱ्या रश्श्याला कामी येतात.

चरबीबद्दल एवढा आग्रह का? चरबी वाळत नाही. पाणी निघून जातं, चरबी तशीच राहते, हवा लागून खवट होते आणि आठ-दहा दिवसांत डबा उघडला की जुन्या तेलाचा वास येतो. दिसेल तेवढी सुरीनं खरवडून काढा. पांढरा पडदा राहिला तर चावताना रबर लागतो.

साफ केलेला तुकडा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. दगड होऊ द्यायचा नाही, बोटानं दाबल्यावर किंचित दबला पाहिजे. असा तुकडा सुरीखाली हलत नाही आणि एकसारख्या पट्ट्या पडतात. जाडी ५ मिलिमीटर, म्हणजे रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवल्यासारखी. ६ च्या वर जाऊ नका. रेषेला आडवं कापलं तर पट्टी चावायला सोपी होते, रेषेच्या दिशेनं कापलं तर चिवट. पोरांना चिवट आवडते, घरात दातांची तक्रार असणारं कुणी असेल तर आडवंच कापा.

कोंबडीही चालते, फक्त छातीचं मांस, कातडी काढून. प्रोटीन बोकडाइतकंच, किंबहुना चिमूटभर जास्तच आणि खर्च बराच कमी. पण लोह आणि बी-१२ यांत कोंबडी फारच मागे आहे. तालमीतल्या पोराला फक्त प्रोटीन हवं असेल तर कोंबडीच्या पट्ट्या करा, उगाच मटणाचे पैसे घालू नका. रक्त कमी असलेल्या मुलीसाठी करत असाल तर मटण. मांसातलं लोह डाळी-पालेभाज्यांतल्या लोहापेक्षा अंगी चांगलं लागतं. कलेजी मात्र वाळवायच्या भानगडीत पडू नका, ती ताजीच खायची वस्तू आहे.

मसाला: कांदा-लसूण चटणी इथं चालत नाही

हे वाचून काहींचा विरस होईल, पण घरची कांदा-लसूण चटणी पट्ट्यांना लावून वाळवणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक आहे. चटणीत तेलात तळलेला कांदा असतो, खोबरं असतं, तीळ असतात, वरून तेल असतं. म्हणजे सुरीनं खरवडून काढलेली चरबी आपण डब्यातून परत लावतो. वर कांद्यातली साखर दमट हवेत पाणी ओढते आणि पट्टी सादळते. शिवाय चटणीत मीठ किती, हे प्रत्येक घरी वेगळं, त्यामुळे हिशेबही बिघडतो. चटणी हवीच असेल तर खाताना लावा.

एक किलो साफ मटणाला मीठ १५ ग्रॅम, काट्यावर मोजून. चमच्याचा भरवसा नाही, खडे मीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं बसत नाही. व्हिनेगर ३० मिलिलिटर, १५ ग्रॅम लसणाचा वाटून पिळलेला रस, हळद २ ग्रॅम. हे सगळं पट्ट्यांना चोळून झाकून फ्रीजमध्ये सहा ते आठ तास. ओट्यावर ठेवू नका. पाच अंशांच्या वर आणि साठ अंशांच्या खाली जंतू झपाट्यानं वाढतात आणि मार्च-एप्रिलमधला ओटा त्याच तापमानात येतो.

कोरडा मसाला वेगळा ठेवायचा: ब्याडगीचं तिखट १० ग्रॅम, संकेश्वरीचं ४, धने-जिरे पूड ८, मिरी ४, सुंठ २. ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं जाळ. हा मसाला तव्यावर मंद आचेवर मिनिट-दीड मिनिट हलवून घ्या, फक्त गरम होईपर्यंत. तिखट काळवंडलं तर फेकून द्या, कडवटपणा पट्टीतून जात नाही.

गूळ घालायचा का? परदेशी पाकिटांत साखर असते, म्हणून आपल्याकडे गूळ सुचतो आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. चव छान येते. पण किलोला १५ ग्रॅमच्या वर गेलात तर पट्टी चिकट राहते आणि पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी शोषून घेतो. जून ते सप्टेंबर गूळ न घातलेलाच बरा.

पाकिटांवर दिसणारं सोडियम नायट्राइट हे मांस टिकवायचं रसायन घरी वापरू नका. त्याची मात्रा किलोला मिलिग्रॅममध्ये असते, घरच्या काट्यावर ती मोजता येत नाही आणि चूक झाली तर ते विष आहे.

आधी वाफ

मोदकपात्र किंवा इडलीपात्र घ्या. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर जाळीवर पट्ट्या एकाच थरात मांडा, एकमेकींवर नकोत. झाकण लावून दहा मिनिटं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यानं काही अडत नाही. मटणाच्या आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस झालं पाहिजे, कोंबडीचं ७४. टोचायचा थर्मामीटर मिळतो, सगळ्यात जाड पट्टीत आडवा घालून बघा.

'वाळवणीच्या यंत्रात तसंही सहा तास साठ अंशांवर राहणार आहे, मग वेगळी वाफ कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. ओल्या मटणावरून पाणी उडत असताना ते मटणाला थंड ठेवतं, माठातलं पाणी थंड राहतं तसं. यंत्र ६० दाखवतं, मटण पहिले काही तास त्याच्या बरंच खाली असतं. पृष्ठभाग कोरडा होत जातो तसे साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला आणखी दाद देईनासे होतात. म्हणजे जेव्हा ते ओले आणि नाजूक असतात तेव्हा उष्णता कमी पडते आणि उष्णता पोचते तोवर ते चिवट झालेले असतात. म्हणून आधी ओल्या अवस्थेतच वाफ.

खाली पात्रात जमलेलं पाणी फेकू नका. त्यात मटणाचा अर्क आणि मीठ उतरलेलं असतं, मटणाच्या अळणी सुपात किंवा पांढऱ्या रश्श्यात घाला आणि तिथलं मीठ तेवढं कमी करा.

वाफवलेल्या पट्ट्या स्वच्छ कापडावर टिपून घ्या आणि गरम असतानाच कोरडा मसाला दोन्हीकडून लावा. कच्च्या मटणाला वापरलेली ताटं, चिमटा, पाटी आता पुन्हा वापरायची नाही. वाफेवर मिळवलेलं सगळं एका खरकट्या चिमट्यानं घालवता येतं.

वाळवणं

घरगुती ड्रायर असेल तर ६० अंशांवर पाच ते सात तास. एअर फ्रायरला वाळवणीचा मोड असेल तर तोही चालतो, फक्त एका वेळी २००-२५० ग्रॅमच मावतं. ओटीजीची अडचण अशी की बऱ्याच ओटीजींचा काटा शंभर अंशांच्या खाली येतच नाही. तिथं पट्टी वाळत नाही, भाजली जाते. वरून पापुद्रा कडक होतो आणि आतलं पाणी कोंडून राहतं. हाताला वाळलेली वाटते, डब्यात चौथ्या दिवशी आंबूस वास येतो. ओव्हन ८० पर्यंत खाली येत असेल तर दाराच्या फटीत लाकडी उलथनं अडकवून वाफ बाहेर जाऊ द्या आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

पट्ट्यांमध्ये बोटभर अंतर हवं. दर दोन तासांनी ट्रे वरखाली करा, पट्ट्या उलटा. चौथ्या तासापासून वजन बघायला सुरुवात करा. मध्येच लाईट गेली तर तासाभरात आली पाहिजे, दोन तासांच्या वर गेली तर पट्ट्या फ्रीजमध्ये टाका आणि नंतर पुन्हा वाफ देऊन सुरू करा. सरळ आणि कंटाळवाणा उपाय आहे, पण दुसरा नाही.

गच्चीवरच्या उन्हाचं काय? कुरडया, सांडगे, पापड त्याच उन्हात वाळतात, मग मटण का नाही? कुरडयांचा चीक शिजलेला असतो आणि त्यात जंतूंना खायला मटणासारखं प्रोटीन नसतं. मटणाला मात्र एप्रिलची ३६-३७ अंशांची हवा म्हणजे जंतूंसाठी उबवणीची पेटी. माश्या आणि धूळ वेगळीच. मीठ भरपूर, काप पातळ, हवा कोरडी आणि शेवटी तळण, या चार गोष्टींवर चान्या उन्हात जमतात. कमी मिठाची, न तळता खायची पट्टी उन्हात करू नका.

झाली की नाही

पट्टी ट्रेमधून काढून दहा मिनिटं गार होऊ द्या, गरम पट्टी नेहमी मऊ वाटते. मग वाकवा. ती वाकली पाहिजे, घडीवर पांढरे तंतू सुटलेले दिसले पाहिजेत, पण काडीसारखी मोडता कामा नये. टिश्यूपेपरात दाबली तर ओल उठू नये. सगळ्यात जाड पट्टी मधोमध कापून बघा, कडेपासून मध्यापर्यंत एकच रंग हवा. मध्ये ओलसर, चमकदार ठिपका असेल तर परत आत. मोडली तर पाणी फारच गेलंय. ती टिकेल, पण खायला निबर, तिची पूड करून पिठल्यात घाला.

आणि वजन. साफ कच्च्या मटणाच्या ३६ ते ३८ टक्के. हाताच्या अंदाजापेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा.

सगळ्या पट्ट्या सारख्या वाळत नाहीत. म्हणून थंड झाल्यावर काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा, झाकण लावून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि दिवसातून दोनदा हलवा. ओल्या पट्टीतलं जास्तीचं पाणी कोरडीकडे जातं. बरणीच्या काचेला आतून दव धरलं तर समजा घाणा अजून ओला आहे, सगळा घाणा आणखी तासभर ड्रायरमध्ये.

नंतर पट्टीवर पांढरं काही दिसलं तर घाबरण्याआधी ओल्या बोटानं पुसा. विरघळलं तर मीठ वर आलंय, चालतं. मऊ, केसाळ, हिरवट-पांढरं असेल तर बुरशी. तेवढी पट्टी काढून बाकीच्या ठेवायच्या नाहीत, अख्खी बरणी टाका.

ठेवायची कशी

२५-२५ ग्रॅमच्या पुड्या करा. हवा दाबून काढलेल्या झिप पिशव्या पुरतात. मोठी बरणी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते आणि पुडीमुळे किती खाल्लं याचाही हिशेब राहतो. फेब्रुवारी ते मेमध्ये बाहेर दोन आठवडे, फ्रीजमध्ये दीड-दोन महिने, फ्रीजरमध्ये सहा महिने. पावसाळ्यात बाहेर ठेवूच नका. पुडीवर तारीख आणि वजन लिहा.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला नेणार असाल तर पुड्या शेवटच्या क्षणी फ्रीजरमधून काढा, एका घट्ट डब्यात घाला आणि एका वेळी एकच उघडा. उघडलेली पुडी पावसात तासाभरात मऊ पडते, ती त्याच बैठकीत संपवा. बरोबर पाणी प्या, पट्टी पोटात गेल्यावर स्वतःचं पाणी तुमच्याकडूनच घेते.

किती आणि कुणी

दिवसाला २५ ग्रॅम, तेही रोज नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. एका पुडीत त्याचा पाचवा हिस्सा गेला, अजून भाजी, लोणचं, पापड, रस्सा बाकीच आहे.

तालमीत जाणाऱ्या सत्तर किलोच्या पोराचं उदाहरण घ्या. साध्या माणसाला भारतीय शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे त्याला ५८ ग्रॅम. जोर-बैठका आणि लढती रोजच्या असतील तर किलोला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभरच्या घरात. हे शंभर ग्रॅम फक्त पट्ट्यांतून काढायचे म्हटले तर १९० ग्रॅम पट्ट्या लागतील आणि त्यातून साडेसात ग्रॅम मीठ पोटात जाईल. पैसे किती, तो हिशेब तर करूच नका. मटणाच्या दरावरून २०१९ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या गावाला तो सांगायला नको. दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम प्रोटीन देतात, पाव लिटर म्हशीचं दूध नऊएक, मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फुटाणे दहा. तालमीच्या खुराकाचा पाया हाच आहे. पट्टी ही प्रवासात, कामावर, दोन जेवणांच्या मधल्या पोकळीत धरायची काठी आहे. घरी चूल पेटलेली असताना ताजं मटण सोडून पट्टी खाणं हा निव्वळ हौसेचा भाग झाला.

पट्टीत तंतुमय पदार्थ शून्य, क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, कॅल्शियम नाममात्र. बरोबर काकडी, गाजर, पेरू, भाकरीचा तुकडा असू द्या. खारे शेंगदाणे नकोत, मीठ दुप्पट होतं. साधे भाजलेले चालतील.

रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या आणि युरिक अॅसिडच्या रुग्णांनी ही वस्तू डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. पाणी गेल्यानं मीठच नाही, ज्यापासून युरिक अॅसिड बनतं ते प्युरिनही एका मुठीत दाटतं. लहान मुलांना पट्टी हातात देऊ नका, ती घशात अडकते. आणखी एक गोष्ट आडून न बोलता सांगायला हवी. मीठ लावून, खारवून किंवा धूर देऊन टिकवलेलं मांस 'प्रक्रिया केलेलं मांस' यात मोडतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये ते कर्करोगकारक गटात टाकलंय. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं तिचं अनुमान आहे. घरची पट्टी नायट्राइटशिवाय केली म्हणून ती या व्याख्येतून सुटत नाही. आठवड्याला दोन-तीन पुड्या, बस.

विकतचं पाकीट घेताना

समोरचं मोठं 'हाय प्रोटीन' सोडा, पाकीट उलटं करा. पोषणाच्या तक्त्यात शंभर ग्रॅमचा रकाना बघा, 'एका वेळचा' नाही. कंपनीनं एका वेळेला थोडेच ग्रॅम धरले की मिठाचा आकडा लहान दिसतो. प्रोटीन शंभरला ४५ च्या वर असेल तर माल खरोखर मांसाचा आहे. तीसच्या आसपास असेल तर उरलेली जागा साखर, चरबी किंवा पिठानं भरलीय, ती कशानं हे घटकांच्या यादीत कळतं, कारण यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला साखर दिसली तर समजून घ्या.

मीठ बहुतेक वेळा 'सोडियम' म्हणून मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणा, मीठ निघतं. शंभर ग्रॅमला १८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ, आपल्या घरच्या पट्टीपेक्षा थोडं जास्त. आयएनएस २५० दिसलं तर ते सोडियम नायट्राइट. कांडीसारख्या गोल तुकड्यांत 'कोलॅजन' लिहिलेलं असतं, ते बाहेरचं आवरण. तेही प्रोटीनच्या आकड्यात मोजलं जातं, पण त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं नसतात.

घरच्या पट्ट्या तळून खायच्या असतील तर हिशेबात तेल धरा. एक चहाचा चमचा तेल पट्ट्यांत मुरलं की ४५ किलोकॅलरी वाढल्या. कालवणात टाकणार असाल तर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, ते पाणी कालवणातच घाला आणि मीठ शेवटी, चाखून.